मुलीने अकरावीत क्रॉस कंट्री सोडावं का?

पायवाट
१२ जुलै, रात्री ९:४०

अमेरिकेतल्या शाळांवर इथे बरेच धागे आहेत, पण ते बहुतेक न्यू जर्सी नाहीतर बे एरियातले. आम्ही ईशान्य ओहायोत, पस्तीसेक हजार वस्तीच्या गावात राहतो. गावात सरकारी हायस्कूल एकच, नऊशे मुलं. देशी मुलं सगळी मिळून अकरा, त्यात मराठी एकच, ती आमची.

लेक ऑगस्टमध्ये अकरावीत जाईल. नववीपासून क्रॉस कंट्री पळते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ट्रॅकवर नाही, गवतावरून, टेकाडावरून, पाऊस असेल तर चिखलातून ५ किलोमीटर. शाळा सुटल्यावर ३ ते साडेपाच सराव, शनिवारी शर्यत आणि पहाटे साडेपाचला बस. ऑगस्ट ते ऑक्टोबर संपेपर्यंत हेच. नोव्हेंबर ते मार्च जरा उसंत, मग ट्रॅक सुरू.

अकरावीत तिने घेतलंय एपी (शाळेतच शिकवतात ते कॉलेजच्या पातळीचे विषय) केमिस्ट्री, एपी यूएस हिस्टरी, प्रीकॅल्क्युलस, आणि जवळच्या कॉलेजात सीसीपीचं (शाळेत असतानाच कॉलेजचे विषय घ्यायची ओहायोची योजना) इंग्रजी. शिवाय एसएटी, कॉलेजप्रवेशाची परीक्षा. नवऱ्याचं म्हणणं, पळणं सोड. ती काही अव्वल नाही. टीममध्ये पाचवी, कधी सहावी. स्कॉलरशिप मिळणार नाही हे आम्हालाही कळतं आणि तिलाही. मग रोजचे अडीच तास कशासाठी?

ती म्हणते, 'आई, मी पाचवी आहे म्हणूनच सोडता येत नाही.' हे मला नीट कळलं नाही, आणि विचारलं की ती डोळे फिरवते.

१ ऑगस्टला सराव सुरू होतो. त्याआधी डॉक्टरची तपासणी आणि आमची सही लागते. फॉर्म फ्रिजवर लावलाय. दोन आठवडे मी आणि नवरा त्या फ्रिजसमोरून मान खाली घालून जातोय.

---

शेंगदाणा
१२ जुलै, रात्री १०:१५

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. कोचने हेरलेला खेळाडू नसेल तर कॉलेजच्या अर्जात 'क्रॉस कंट्री, ४ वर्षं' ही एक ओळ असते. तशी ओळ प्रत्येकाकडे असते. त्याच वेळात रिसर्च, एखादी मोठी स्पर्धा, काहीतरी टोकदार करू द्या. आमच्याकडे (फ्रिमाँट, बे एरिया) मुलं आठवीपासून ठरवतात.

---

मक्याचं कणीस
१२ जुलै, रात्री ११:०२

शेंगदाणा, फ्रिमाँटचा हिशोब इथे लावू नका. मी कोलंबसला आहे, पण सात वर्षं पायवाट यांच्याच भागात काढलीत.

पायवाट, पाचवीचं कोडं सोपं आहे. क्रॉस कंट्रीत टीमच्या सात मुली पळतात, पहिल्या पाचजणींच्या क्रमांकांची बेरीज करतात, आणि ज्यांची बेरीज सगळ्यात कमी ती टीम जिंकते. म्हणजे पहिली मुलगी तिसऱ्या नंबरावर आली आणि पाचवी नव्वदाव्या, तर त्या नव्वदने सगळं पाण्यात. बऱ्याच शर्यती चौथ्या-पाचव्या मुलीवर ठरतात. तुमची लेक बरोबर बोलतेय. स्टार मुलगी गेली तर टीम हळहळेल, पण पाचवी गेली तर गणितच बिघडेल.

नियमाचं एक बघून ठेवा. ओहायोत खेळायला आधीच्या ग्रेडिंग पिरियडमध्ये (निकालाच्या सत्रात) किमान पाच एक-क्रेडिट विषयांत पास असावं लागतं. सीसीपीचे विषयही धरतात, पण मुलं एखादं कॉलेजचं इंग्रजी मध्येच सोडतात आणि पाचाचे चार होतात. कौन्सेलरकडून लेखी घ्या. आणि सीसीपी फुकट असलं तरी ती ग्रेड कॉलेजच्या ट्रान्स्क्रिप्टवर कायमची चिकटते. खरी काळजी करायची तर तिची करा, पळण्याची नको.

---

रानवारा
१३ जुलै, सकाळी ७:३०

स्कॉलरशिपचा विषय निघालाच आहे तर तो धुऊनच टाकू. दर दुसऱ्या देशी पार्टीत 'खेळाने ॲडमिशन होते' ऐकतो.

हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या शंभरातली साधारण सात मुलं एनसीएएच्या (कॉलेजांच्या खेळांची संघटना) कुठल्यातरी विभागात खेळतात. पहिल्या विभागात जेमतेम दोन. तिसऱ्या विभागात खेळाची स्कॉलरशिप मुळात देतच नाहीत, आयव्ही लीगमध्येही नाही. पळण्याचं तर आणखी गमतीचं. पहिल्या विभागातल्या कॉलेजला परवापरवापर्यंत ट्रॅक आणि क्रॉस कंट्री मिळून पुरुषांसाठी १२.६ आणि स्त्रियांसाठी १८ स्कॉलरशिप द्यायची मुभा होती. हो, बारा पूर्णांक सहा दशांश! त्यातूनच भालाफेक, उंच उडी, शंभर मीटर, सगळ्यांना तुकडे तोडून द्यायचे. कुणाला पाव, कुणाला पुस्तकांपुरतं. मुलींचा आकडा मोठा, कारण पुरुषांच्या (अमेरिकन) फुटबॉलला एकट्याला ८५ होत्या आणि टायटल नाईनचा (शिक्षणात स्त्री-पुरुष भेदाला बंदी घालणारा १९७२ चा कायदा) तोल कुठेतरी सांभाळायला हवा. २०२५-२६ पासून नियम बदलले, स्कॉलरशिपऐवजी टीममधल्या खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा आली. त्याने टीमच्या शेपटाकडच्या मुलांची जागा उलट आखडली.

आता दुसरी बाजू. हार्वर्डच्या प्रवेशांवरच्या खटल्यात आकडे बाहेर आले तेव्हा कोचने हेरलेल्या खेळाडूंना सुमारे ८६ टक्के प्रवेश मिळतो असं दिसलं. ते वाचून लोकांनी पोरांच्या हातात फेन्सिंगच्या तलवारी आणि स्क्वॉशच्या रॅकेटा दिल्या. पण ती मुलं कोचने आधीच गाळून घेतलेली असतात, मार्कांसकट. नुसतं 'खेळतो' आणि 'हेरलेला' यात जमीन-अस्मान. काहींनी तर न खेळणाऱ्या मुलांना कागदोपत्री खेळाडू केलं आणि २०१९ मध्ये ते प्रकरण कोर्टात गेलं.

त्यामुळे पायवाट, ॲडमिशनसाठी पळवू नका आणि ॲडमिशनसाठी थांबवूही नका. त्या तराजूत हे वजन बसतच नाही.

---

शेंगदाणा
१३ जुलै, सकाळी ८:०५

रानवारा, म्हणजे तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत की.

---

रानवारा
१३ जुलै, सकाळी ८:१२

अर्धंच. तुम्ही म्हणता उपयोग नाही म्हणून सोडा. मी म्हणतो तो उपयोग नाही.

---

बँडवाली काकू
१३ जुलै, सकाळी ९:४५

आमच्या घरी खेळ नाही, मार्चिंग बँड. कुणी हसू नका. ऑगस्टच्या उन्हात रोज आठ तास क्लॅरिनेट तोंडात धरून उलटं चालून दाखवा आधी. ओहायोत फुटबॉलच्या मॅचला निम्मे लोक बँडसाठी येतात हे माझं मत आहे आणि ते बदलणार नाही.

एक कामाची गोष्ट. ओहायोत दोन पूर्ण सीझन खेळ, बँड किंवा चीअरलीडिंग केलं तर पीईच्या (पीटीच्या) सक्तीतून सूट मिळू शकते. मात्र शालेय जिल्ह्याने तसं धोरण ठरवलेलं हवं, विचारून घ्या. माझ्या मुलीला मिळाली आणि त्या तासाला तिने आणखी एक विषय घेतला. म्हणजे खेळाने वेळ जातो तसा थोडा परतही येतो.

---

टेक्सासकर
१३ जुलै, दुपारी १२:२०

आमच्याकडे अभ्यास आणि खेळाचं भांडण थेट कायद्यात आहे. १९८४ चा 'नो पास, नो प्ले'. एका विषयात ७० च्या खाली गेलात की बाहेर. सुरुवातीला सहा आठवडे बाहेर बसवायचे, १९९५ मध्ये तीन केले. कोच लोक तेव्हा चवताळले होते म्हणे. पळवाट अशी की एपी आणि ऑनर्सच्या काही विषयांना शाळा यातून सूट देऊ शकते, नाहीतर खेळाडू मुलं अवघड विषय घेणारच नाहीत. मुलगा बेसबॉलला आहे, त्याची ग्रेड मला कळण्याआधी कोचला कळते. घरात मी ओरडलो तर ऐकत नाही. कोचने भुवई उचलली की पुस्तक उघडतो. फुकटचा ट्यूशनवाला!

अवांतर: शेजारच्या ॲलनमध्ये हायस्कूलसाठी ६ कोटी डॉलरचं स्टेडियम बांधलं, १८ हजार खुर्च्या, २०१२ मध्ये उघडलं. दोन वर्षांत काँक्रीटला तडे, एक अख्खा सीझन बंद. ओहायोवाल्यांनी उगाच भाव खाऊ नये.

---

मक्याचं कणीस
१३ जुलै, दुपारी १:००

भाव खाणार! मॅसिलन नावाचं गाव आहे, वस्ती बत्तीसेक हजार आणि हायस्कूलचं स्टेडियम साडेसोळा हजारांचं. मुलगा जन्मला की दवाखान्यातच त्याच्या पाळण्यात छोटा फुटबॉल ठेवतात. १९३२ ते ४० पॉल ब्राउन तिथे कोच होता, म्हणजे ज्याच्या नावाने क्लीव्हलँड ब्राउन्स ही व्यावसायिक फुटबॉल टीम. एवढं करून प्लेऑफ (बाद फेऱ्या) सुरू झाल्यापासूनचं पहिलं राज्य विजेतेपद मिळालं २०२३ मध्ये. आमचे शेजारी त्या रात्री रडले, आणि ते गाव सोडून त्यांना चाळीस वर्षं झालीत.

---

पायवाट
१३ जुलै, रात्री ९:१५

सगळ्यांचे आभार. पाचवीचं गणित आज जेवताना नवऱ्याला समजावलं. तो इंजिनियर, त्याला बेरीज लगेच कळली आणि जरा गप्प झाला.

फुटबॉलवरून मनात एक खदखद आहे, ती ओततेच. गेल्या नोव्हेंबरात आमच्या शाळेची लेव्ही पडली. शाळेसाठी घरपट्टी वाढवू का, असं मतदान असतं, त्यात लोक 'नाही' म्हणाले. लगेच जर्मन बंद, लायब्ररियन अर्ध्या वेळेची, खेळायची फी वाढली. आणि या उन्हाळ्यात फुटबॉलच्या मैदानावर नवं कोरं कृत्रिम गवत! लेकीने दोन वर्षं जर्मन केलं होतं, आता तिसरं ऑनलाइन. मला त्या हिरव्या गवताकडे बघवत नाही.

---

मक्याचं कणीस
१३ जुलै, रात्री १०:३०

राग समजतो, पण ती दोन वेगळी पाकिटं असतात. गवताला बहुतेक बूस्टर क्लब (शाळेच्या खेळांसाठी पैसे जमवणारं पालकांचं मंडळ) आणि एखादा मोठा देणगीदार असतो, आणि देणगी त्याच कामाला बांधलेली. जर्मनच्या शिक्षिकेचा पगार रोजच्या खर्चातून जातो आणि तो भरतो घरपट्टीतून. ओहायोच्या सुप्रीम कोर्टाने १९९७ मध्येच सांगितलं की शाळांचा खर्च घरपट्टीवर इतका टांगून ठेवणं राज्यघटनेत बसत नाही. नंतरही तेच सांगितलं. लेव्ह्या अजून चालूच आहेत.

गवताला देणगी देणारे मिळतात, जर्मनला मिळत नाहीत, हा प्रश्न उरतोच. पण जर्मनच्या तासाला शुक्रवारी रात्री चार हजार लोक येऊन बसत नाहीत हो.

---

बँडवाली काकू
१३ जुलै, रात्री १०:४१

बूस्टर क्लबच्या स्टॉलवर चार वर्षं नाचोंवर चीज ओतलंय मी. गावात मला ओळखतात ते त्या चीजमुळे. त्याआधी आठ वर्षं ग्रोसरीत कुणी 'हॅलो'च्या पुढे गेलं नव्हतं.

---

कृष्णाकाठ
१४ जुलै, सकाळी ६:५०

कराडहून लिहितोय. तुमचा धागा वाचून हसू पण आलं आणि वाईट पण वाटलं. आमच्या हायस्कूलला पीटीचा तास वेळापत्रकात होता, प्रत्यक्षात तो गणिताचे सर घ्यायचे. 'पोर्शन राहिलाय' हे वाक्य ऐकलं की चेंडू परत पेटीत. आणि हे त्या गावात, जिथल्या टिळक हायस्कूलमध्ये खाशाबा जाधव शिकले! १९५२ ला हेलसिंकीला कुस्तीत ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. त्यांना पाठवायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं होतं. शाळेत दर वर्षी ही गोष्ट सांगायचे. सांगून झाली की गणित.

आता माझा पोरगा खो-खो खेळतो. बाकीचे पालक पहिला प्रश्न विचारतात, दहावीला वाढीव गुण किती? म्हणजे तुमच्या तिकडची 'कॉलेजच्या अर्जातली ओळ' आणि आमचे वाढीव गुण, एकाच माळेचे मणी. पोरगं पळतंय कसं हे बघायला मैदानावर चार पालक असतात.

---

तिसरी घंटा
१४ जुलै, रात्री ११:५५

एरवी फक्त वाचतो, आज लिहितो.

मी तेरा वर्षांचा असताना नाशिकहून आयोवातल्या एका छोट्या गावात आलो. बाबांची नोकरी. २०१३ ला नववीत गेलो तेव्हा वजन ४७ किलो, इंग्रजी पुस्तकी, आणि जेवायच्या सुट्टीत बसायला टेबल नाही. रोज लायब्ररीत जाऊन डबा खायचो. पहिल्या महिन्यात एक माणूस मला कॉरिडॉरमध्ये अडवून म्हणाला, 'तुझं वजन किती?' मला वाटलं चिडवतोय. तो रेसलिंगचा कोच होता.

तिकडे कुस्ती म्हणजे आपल्याकडे क्रिकेट. वजनगट चौदा, सगळ्यात हलका १०६ पौंडांचा. मका आणि डुकराचं मांस खाऊन वाढलेल्या गावात १०६ पौंडांचा पोरगा मिळत नाही. त्या गटात कुणीच उतरला नाही तर समोरच्या टीमला न लढता ६ गुण. म्हणजे मला काही येत नसलं तरी मी नुसता मॅटवर उभा राहिलो की टीमचं काम सुरू.

पहिल्या वर्षी मी जवळजवळ सगळ्या कुस्त्या हरलो. पण हरण्यातही प्रकार असतात हे मला कोचने शिकवलं. चीत झालो तर समोरच्याला ६ गुण. चीत न होता साध्या फरकाने गुणांवर हरलो तर ३. म्हणजे सहा मिनिटं पाठ टेकू दिली नाही की मी टीमचे ३ गुण वाचवले. एकदा आमची टीम दोन गुणांनी जिंकली. मी त्या दिवशी ९-४ हरलो होतो. बसमध्ये १९५ पौंडांच्या पोराने मला उचलून खांद्यावर घेतलं आणि डोकं छताला आपटलं. टेंगूळ आठवडाभर होतं. दुसऱ्या दिवसापासून जेवायला टेबल होतं.

आजोबा नाशकात तालमीत जायचे. त्यांना फोनवर सांगितलं, हरलो पण चीत नाही झालो. म्हणाले, 'मग हरलास कुठे?'

अभ्यासाचं म्हणाल तर डिसेंबर ते फेब्रुवारी माझे मार्क वर जायचे. वेळच नसायचा, त्यामुळे जो मिळायचा त्यात करावंच लागायचं. सीझन संपला की घसरायचे. पण प्रत्येकाचं असंच होतं असं नाही. आमचा १२० पौंडवाला वजन उतरवायच्या नादात दोनदा वर्गात चक्कर येऊन पडला, अल्जिब्रा नापास झाला, आणि घरच्यांनी त्याला काढलं ते बरोबरच केलं. कुस्तीतली ती बाजू वाईट आहे, मी ती लपवणार नाही.

पळण्यातही मुलींचं जेवण आणि पाळी यावर लक्ष ठेवा. पाळी थांबली तर 'पळणाऱ्या मुलींचं होतं असं' कुणी म्हणेल, ते ऐकू नका, डॉक्टरकडे जा. माझी बायको कॉलेजात पळायची. तिच्या पायाच्या हाडाला दोनदा बारीक तडा गेला होता, त्याचं मूळ जेवणात निघालं.

---

पायवाट
१५ जुलै, सकाळी ६:२०

तिसरी घंटा, हे मी लेकीला वाचून दाखवलं. ती मराठी नीट वाचू शकत नाही, पण ऐकते. 'मग हरलास कुठे' ला हसली. जेवणाचंही बोललो, आणि डॉक्टरांकडे तपासणीला जाऊ तेव्हा तेही विचारणार आहे.

---

शेंगदाणा
१५ जुलै, सकाळी ९:००

ठीक आहे, एवढा लोकाग्रह असेल तर पळू द्या. पण दोन एपी, सीसीपी, एसएटी आणि पळणं, यातलं काहीतरी एक कमी करा. झोप कशातून काढणार? कॅलिफोर्नियाने निदान कायदा केला की हायस्कूल साडेआठच्या आधी भरवायचं नाही. तुमच्याकडे?

---

पायवाट
१५ जुलै, सकाळी ९:२५

७:२५. बस ६:४० ला.

शेंगदाणा, तुमचं हे मात्र पटलं.

---

पायवाट
३१ जुलै, रात्री १०:१०

सही केली. म्हणजे नवऱ्याने केली, मी ऑफिसातून येईपर्यंत. एपी हिस्टरी सोडून साधी यूएस हिस्टरी घेतली. कौन्सेलरने चेहरा केला, 'रिगर' (अभ्यासाचा कस) वगैरे शब्द वापरले. लेक शांतपणे म्हणाली, मला इतिहास आवडत नाही, मी तो तुमच्यासाठी घेतला होता. 'तुमच्यासाठी' म्हणताना माझ्याकडे बघत होती.

---

बँडवाली काकू
३१ जुलै, रात्री १०:१८

आता स्टॉलवर चीज ओतायला तयार राहा.

---

पायवाट
७ सप्टेंबर, रात्री ८:३०

बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून लिहिते. काल मोठी शर्यत होती, पंधरा-सोळा शाळा. पहाटे पावणेपाचला उठून मी आणि नवरा दोघं गेलो. मैदानावर एवढं धुकं की मुली दिसण्याआधी पायांचा आवाज आला. मी ओरडत होते ती आमची नव्हतीच, दुसऱ्याच शाळेची निघाली, तिच्या आईने मला थँक्यू म्हटलं.

लेकीची वेळ गेल्या वर्षीपेक्षा २२ सेकंदांनी कमी. पण नववीत एक नवी मुलगी आली आहे, ती हिच्या पुढे. त्यामुळे ही आता टीममध्ये सहावी, म्हणजे हिचा नंबर बेरजेत धरलाच नाही. टीम तिसरी आली. गाडीत एक शब्द बोलली नाही. नवऱ्याने समजूत काढायला गेल्यावर्षीची बेरीज काढून दाखवली, त्याने परिस्थिती चिघळली.

---

तिसरी घंटा
७ सप्टेंबर, रात्री ९:०५

सहावी बेरजेत नसते, पण रँकिंगमध्ये असते! तुमची सहावी समोरच्या टीमच्या पाचवीच्या पुढे आली तर त्या पाचवीचा नंबर एकाने मागे जातो आणि त्यांची बेरीज वाढते. सातवीचंही तसंच. तिला विचारा, चौथ्या आलेल्या टीमच्या किती स्कोअरिंग मुली तिच्या मागे होत्या?

---

पायवाट
७ सप्टेंबर, रात्री ९:४०

विचारलं. 'दोन,' म्हणाली. तिने ते शेवटच्या टेकाडावरच मोजलं होतं. मग उरलेल्या पोळीला पीनट बटर फासून वर निघून गेली. उद्या केमिस्ट्रीची टेस्ट आहे.